बोहल्याकडे पाठ करून

लग्नात पाहुण्यांनी फोटोच काढू नयेत, असे म्हणणाऱ्यांशी माझे अर्धेच पटते. पत्रिकेच्या तळाशी 'मुहूर्ताच्या वेळी मोबाइल खिशात ठेवावा, ही नम्र विनंती' अशी ओळ कुणी छापली, तर मी ती पाळीन आणि छापणाऱ्याचे अभिनंदनही करीन. पण त्याच लग्नात अक्षता पडून गेल्यावर मी फोन बाहेर काढीन आणि मन भरेपर्यंत फोटो घेईन. बोहल्यावरचे फोटो पाहुण्याने काढायचे कारण नाही, आणि मांडवातले फोटो पाहुण्याशिवाय दुसऱ्या कुणाला काढता येत नाहीत. मित्राच्या लग्नात ज्याला फोटो काढायचे आहेत त्याने बोहल्याकडे पाठ करून उभे राहावे. आज चालले आहे ते बरोबर याच्या उलट.

आधी बोहल्याचे बोलू. आपल्याकडे लग्नाला आलेला माणूस नुसता बघायला आलेला नसतो, त्याच्याकडे काम असते. कार्यालयाच्या दारात अत्तराचे बोट लागते, गुलाबपाणी शिंपडले जाते. मुहूर्त जवळ आला की घरातली पोरे ताटे घेऊन रांगांमधून फिरतात आणि प्रत्येकाच्या मुठीत कुंकवाने रंगवलेले तांदूळ देतात. अंतरपाट धरला जातो. एकेक मंगलाष्टक म्हटले जाते आणि दर कडव्याच्या शेवटी त्या मुठीतले चार दाणे वधूवरांच्या दिशेने जातात. शेवटच्या कडव्याला अंतरपाट दूर होतो, वाजंत्री सुरू होते आणि उरलेली मूठ रिकामी होते. हा आशीर्वाद आहे, तशीच ही साक्षही आहे. हे लग्न माझ्या डोळ्यांदेखत लागले, उद्या कुणी विचारले तर मी सांगेन, असे त्या तांदळांतून प्रत्येक जण म्हणत असतो.

विधी बदलले तरी या साक्षीला कुणीच हात लावलेला नाही. सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिले लग्न लावले तेव्हा त्यातून भटजी गेला. पुढे १८८७ मध्ये महात्मा फुल्यांनी मंगलाष्टकांसह पूजाविधीची पुस्तिका काढली, तीतून मंगलाष्टकांचा आशय बदलला. पण जमलेली माणसे राहिलीच. बौद्ध विवाहात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे प्रतिज्ञा होतात, त्याही उपस्थितांच्या समक्ष. निकाहाला दोन साक्षीदार लागतात. वसईच्या किंवा गोव्याच्या चर्चमध्येही दोघे जण पुढे होऊन वहीत सही करतात. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने अग्नी, मंत्र, वरात यांपैकी काहीच सक्तीचे ठेवले नाही, तरी तीन साक्षीदारांच्या सह्या मात्र ठेवल्या. भारतातल्या लग्नातून काय काय काढून टाकता येते याची यादी करत गेलो, तर शेवटी तीन गोष्टी उरतात: तो, ती आणि पाहणारी माणसे.

आता हातांचा हिशेब करा. फोन धरायला एक हात लागतो, नीट धरायचा तर दोन. ज्याने फोन वर धरला त्याच्या अक्षता एक तर खिशात जातात किंवा खुर्चीखाली सांडतात. मग तो मंगलाष्टके संपल्यावर कुणाकडून तरी चिमूटभर मागून घेतो आणि उपचार उरकतो.

साताऱ्याच्या बाजूला एका कार्यालयातला प्रसंग सांगतो. मुहूर्ताला मंडळी उभी राहिली आणि पुढच्या चार रांगांचे हात वर गेले, प्रत्येक हातात उजळलेला पडदा. माझ्या शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर नवऱ्या मुलीची मावशीआजी बसली होती. गुडघ्यांमुळे तिला उभे राहता येत नव्हते. तिला बोहले दिसत नव्हते, समोरच्या फोनांवर मात्र ते पाचसहा ठिकाणी, पाचसहा आकारांत हलताना दिसत होते. मूठ घट्ट मिटून ती त्यातल्या कोणत्या पडद्याकडे पाहावे ते ठरवत होती. "पडला का गं अंतरपाट?" तिने मागच्या मुलीला विचारले. मुलगी रेकॉर्डिंग करत होती. आपला आवाज त्यात येईल म्हणून तिने नुसती मान हलवली. आजींनी अंदाजाने अक्षता टाकल्या. त्या पुढच्या माणसाच्या सदऱ्यावर पडल्या आणि त्याने फोन जराही हलू न देता दुसऱ्या हाताने खांदा झटकला. याच बाईने नवरीच्या आईची दोन्ही बाळंतपणे केली होती.

त्या माणसाला मी वाईट म्हणणार नाही. तो प्रेमानेच आला होता आणि प्रेमानेच चित्रण करत होता. पण त्याच्या फोनमध्ये काय आले असेल त्याचा विचार करा. आठव्या रांगेतून झूम करून घेतलेले, पुढच्या डोक्यांनी अडवलेले, लाल-निळ्या एलईडी दिव्यांत चेहऱ्यांचे रंग बिघडलेले चित्र. त्याच क्षणी बोहल्याच्या दोन्ही अंगांना, यजमानांनी पैसे देऊन बोलावलेली माणसे उभी होती. त्यांच्याकडे मोठी भिंगे होती, योग्य जागा होती आणि तो क्षण टिपण्याचा सराव होता. अंतरपाट एकदाच दूर होतो. तो क्षण हुकला तर दिवसभराची मेहनत वाया जाईल हे त्या छायाचित्रकाराला पक्के ठाऊक असते, म्हणून तो श्वास रोखून थांबतो. नेमक्या त्याच वेळी मधल्या वाटेत कुणाचा तरी हात घुसतो किंवा कुणाच्या तरी फोनचा फ्लॅश नवरीच्या तोंडावर पडतो. म्हणजे पाहुण्याने एक वाईट फोटो मिळवला आणि एक चांगला फोटो बिघडवला. हा सौदा कुणाच्याच फायद्याचा नाही.

शिवाय थांबवाथांबवी. पत्रिकेवर मुहूर्त मिनिटापर्यंत छापलेला असतो, बारा वाजून सत्तावीस मिनिटे वगैरे. त्या मिनिटासाठी दोन्ही घरांनी महिनोन्महिने धावपळ केलेली असते. आणि मंगळसूत्राची वेळ आली की गुरुजींना 'जरा थांबा' सांगितले जाते, नवऱ्याला हात मागे घेऊन पुन्हा पुढे करायला लावले जाते. ठरवून बोलावलेला छायाचित्रकार हे करतो तेव्हा निदान त्याच्या धंद्याची गरज तरी असते. हल्ली मात्र मित्रमंडळीही खालून ओरडतात, "इकडे बघ, इकडे!" सप्तपदीची पावले टाकणाऱ्या मुलीने पाऊल थांबवून एका फोनकडे हसून पाहायचे, मग दुसऱ्या. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे जिथे सप्तपदी हा विधी आहे तिथे सातव्या पावलाला लग्न पूर्ण होते. त्या पावलावर तिचे लक्ष तिच्या जोडीदाराकडे असावे एवढी अपेक्षा मोठी नव्हे.

यावर नेहमी येणारे उत्तर असे: पण आठवण राहते ना! हे उत्तर तपासून पाहण्यासारखे आहे, कारण त्यावर काम झालेले आहे. अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी लोकांना एका कलासंग्रहालयातून फिरवले. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या पाहायला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, ज्या वस्तूंचे अख्खे फोटो काढले त्या लोकांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र वस्तूच्या एका भागावर झूम करून फोटो घ्यायला लावले, तेव्हा आठवण घटली नाही. पुढे २०१७ मध्ये अलिक्झांड्रा बराश आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. आपल्या मर्जीने फोटो काढणाऱ्यांना पाहिलेले जास्त लक्षात राहते, पण ऐकलेले कमी. वरवर पाहता दोन अभ्यास एकमेकांना छेद देतात. मला त्यांतून एकच सरळ गोष्ट दिसते: कॅमेरा लक्ष वाढवत नाही, ते वाटून देतो. ज्याला जास्त मिळते त्याच्यासाठी कुणीतरी उपाशी राहते, आणि बहुधा ते कान असतात.

आपले लग्न ही तर ऐकण्याची गोष्ट. कन्यादानाच्या वेळी गुरुजी अमक्याचा प्रपौत्र, अमक्याचा पौत्र, अमक्याचा पुत्र असे म्हणत तीन पिढ्यांची नावे घेतात. घरातल्या कितीतरी मुलांना आपल्या पणजोबांच्या पिढीचे नाव त्या दिवशी पहिल्यांदा कानावर पडते. मग घरी रचलेले मंगलाष्टक असते. वहीच्या पानावर लिहिलेले, दोन्हीकडच्या आजी-आजोबांची आणि गावांची नावे ओवलेले, आत्याने आठवडाभर घोकलेले, आणि ऐन वेळी तिसऱ्या ओळीत आवाज भरून आल्याने अडखळलेले. पुढे नाव घेण्याचा आग्रह, उखाणा विसरलेला नवरा, त्याला मागून हळूच शब्द पुरवणारी करवली. दाराशी सनई-चौघडा. जेवणाच्या हॉलमध्ये वाढप्यांची आरोळी, "जिलबी, जिलबी!" यातले काही फोटोत येत नाही. आणि व्यावसायिक चित्रफितीतही येत नाही, कारण तीन मिनिटांची 'हायलाइट' बनवताना मूळ आवाज पुसून त्यावर सिनेमाचे गाणे बसवले जाते. आत्याचे तोंड हलताना दिसते आणि ऐकू येते दुसरीच गायिका. ही मला लग्नाच्या चित्रणातली सगळ्यांत मोठी हानी वाटते, आणि तिच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही.

म्हणून मित्राला माझे सांगणे असते: मंगलाष्टकांच्या वेळी फोन वापरायचाच असेल तर त्यातले आवाज रेकॉर्ड करणारे अॅप सुरू कर आणि फोन वरच्या खिशात ठेव. दोन्ही हात मोकळे राहतील, डोळे मोकळे राहतील, अक्षता टाकता येतील. संध्याकाळी ती ध्वनिफीत आत्याला पाठव. तिला ती कुठल्याही फोटोपेक्षा मोलाची वाटेल.

एक अपवाद मी मनापासून मान्य करतो. लग्नघरची एखादी आजी गावी अंथरुणाला खिळलेली असते, भाऊ परदेशात असतो, त्याला रजा मिळालेली नसते. त्यांच्यासाठी कुणीतरी व्हिडिओ कॉल लावून उभे राहणे हे सेवेचे काम आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या निर्बंधांत महाराष्ट्रात लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास एवढीच मुभा होती. त्या काळात कितीतरी आईबापांनी पोटच्या पोराचे लग्न असेच पाहिले. त्या फोनची जागा पहिल्या रांगेत असावी आणि तो धरायला एक जबाबदार माणूस आधीच ठरवावा. तो फोन म्हणजे आलेला पाहुणाच आहे.

आता मांडवाकडे वळू.

एकेकाळी फोटो थोडे होते म्हणून ते काय आणि कुणाचे हे ठरवावे लागे. साठ-सत्तरच्या दशकांत कित्येक मराठी घरांत बडोद्याला बनलेला आग्फा क्लिक थ्री हा पेटीसारखा कॅमेरा असे. त्याच्या एका रोलमध्ये बारा फोटो निघत. पुढे छत्तीसचा रोल आला. मामाकडे कॅमेरा असेल तर मामा लग्नभर तो गळ्यात अडकवून फिरे आणि शेवटचे दोन फोटो वरातीसाठी राखून ठेवी. त्या टंचाईचे गोडवे मला गायचे नाहीत. बारा फोटोंत अनेक माणसे कायमची सुटली, आणि सुटली ती बहुतेक गरीब आणि बहुतेक बायका. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकात ग्रामीण फ्रान्समधल्या घरांबद्दल लिहिताना दाखवले आहे, की तिथे कॅमेरा शिरला तो लग्नाच्या निमित्ताने, आणि समूहफोटोत कोण उभे राहते यावरून कुटुंब स्वतःची हद्द आखते. आपल्याकडच्या जुन्या ग्रुप फोटोंतही तसेच दिसते. मध्ये वधूवर, दोन्ही बाजूंना मानाची माणसे, पायाशी पोरे, कडेला अर्धवट कापले गेलेले कुणीतरी.

आजच्या महागड्या अल्बममध्ये चारपाचशे फोटो असतात आणि तरी हद्द तीच राहते. स्टेजसमोर रांग लागते. आहेर, हस्तांदोलन, तीन सेकंदांचे हसू, पुढचे कुटुंब. छायाचित्रकाराचा यात दोष नाही. त्याला घरातल्या कुणीतरी यादी दिलेली असते, आणि यादीत मानापानाची माणसेच असतात. त्याला हे कसे कळावे, की कोपऱ्यात केळीच्या खांबाशी उभ्या असलेल्या दोन बहिणी जमिनीच्या वाटणीवरून कित्येक वर्षे बोललेल्या नाहीत आणि आता एक दुसरीच्या अंबाड्यात गजरा माळते आहे? नवऱ्याचा शाळेतला मास्तर एसटीने येऊन मागच्या रांगेत बसला आहे आणि न जेवता निघण्याच्या बेतात आहे? मुलीला बोहल्यावर आणायचा मान असलेला मामा गौरीहराच्या खोलीबाहेर फेटा सावरत उभा आहे आणि आतून हाक यायची वाट पाहतो आहे? हे मित्राला कळते. त्याने त्या घरात जेवलेले असते, त्या घरातली भांडणे ऐकलेली असतात. पाहुण्याच्या फोनचे मोल त्याच्या कॅमेऱ्यात नाही, या माहितीत आहे. कोट्यवधी लोकांच्या खिशात आता उत्तम कॅमेरे आहेत. पण त्या दोन बहिणींकडे नेमक्या त्या क्षणी पाहायचे असते, हे माहीत असलेली माणसे मांडवात दहाबाराच असतात.

आणि काही माणसे तर स्टेजवर येतच नाहीत. विधवा काकू हळदीला मागे राहते, ओटी भरताना दूर सरकते, 'मी इथूनच बघते' म्हणते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ठराव झाला म्हणून मांडवातली पावले लगेच पुढे येत नाहीत. अल्बम तपासून पाहा. त्या घरासाठी रात्र-रात्र जागून अनारसे, करंज्या आणि रुखवताचे सामान करणारी काकू पाचशे फोटोंत एकदाही नीट दिसत नाही, कारण तिला स्टेजवर कुणी हाक मारली नाही. हे काम मित्राने करावे. तिच्यापाशी जावे, "काकू, एक फोटो काढू?" असे विचारावे, तिने नाही म्हटले तर मान ठेवावा, हो म्हटले तर घाई करू नये. जमले तर नवरीलाच तिच्याकडे आणावे. मी हे केलेले आहे आणि दर वेळी त्या बाईने आधी पदर सारखा केला, मग केसांवर हात फिरवला, मग ताठ उभी राहिली. आपला फोटो निघतो आहे याचा अर्थ तिला पुरेपूर कळलेला असतो.

फोटोंचा आणखी एक उपयोग लग्नाच्या दिवशी कुणाच्या मनात येत नाही. आपल्या घरांच्या भिंतींवर हार घातलेल्या तसबिरी पाहा. त्यांतल्या कितीतरी कुठल्या ना कुठल्या लग्नातल्या फोटोतून कापून मोठ्या केलेल्या असतात. खांद्याशी दुसऱ्या कुणाच्या तरी साडीचा काठ राहून गेलेला असतो, मागे झिरमिळ्या अंधूक दिसत असतात. खेड्यातला माणूस नवे धोतर नेसून, दाढी करून, टोपी घालून स्वस्थ बसलेला असा लग्नातच सापडतो. एरवी त्याचा फोटो आधार कार्डावरचा. तेव्हा पंगतीत, ओसरीवर, पानसुपारीच्या तबकापाशी बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचे शांतपणे, चांगल्या उजेडात, खिडकीजवळ घेतलेले फोटो हे मित्राने त्या घराला दिलेले सर्वांत टिकाऊ आहेर आहेत. घास तोंडात असताना मात्र कुणाचाही फोटो घेऊ नये. वाढायला येण्याआधीची किंवा विडा लावतानाची वेळ साधावी.

'तुझा कॅमेरा चांगला आहे, तूच काढ ना लग्नाचे फोटो' असे म्हणणाऱ्या मित्राबद्दलही बोलले पाहिजे. पैसे वाचवायला म्हणून असेल किंवा विश्वास म्हणून, हा आग्रह होतो. हो म्हणायचे असेल तर पूर्ण हो म्हणावे. त्या दिवशी तुम्ही पाहुणे नाही, पहाटेपासून रात्रीपर्यंत पायांवर, सगळ्यांच्या शेवटी जेवणारे, अक्षता न टाकणारे. एखाद्या घरची ऐपतच तेवढी असेल तर मैत्रीखातर हे जरूर करावे, यासारखी दुसरी भेट नाही. पण स्टेजच्या सजावटीवर लाखभर खर्च करणाऱ्याने मित्राला फुकट राबवू नये. छायाचित्रकाराचा तो धंदा आहे, त्यावर त्याचे घर चालते, आणि मित्राला तुमच्या लग्नात बसून जेवायचा हक्क आहे.

आता ज्या लग्नात मित्राचा फोन हाच सगळा अल्बम असतो त्या लग्नाकडे येतो. जात वेगळी, धर्म वेगळा, घरच्यांचा विरोध. महिन्याभराची नोटीस लावून झालेली. विवाह नोंदणी कार्यालयात तो, ती आणि तीन मित्र साक्षीदार. भिंतीला सरकारी हिरवट रंग, टेबलावर शाईचा पॅड, दाराबाहेर पुढचे जोडपे. अधिकारी शपथेचा मजकूर वाचायला देतात, दोघे तो वाचतात, सह्या होतात, मग साक्षीदारांच्या सह्या होतात. मंगलाष्टके नाहीत, आत्या नाही. कॉलेजच्या बाहेरच्या दुकानातून आणलेले दोन हार एका मैत्रिणीच्या पिशवीत. इथे मित्र साक्षीदारही आहे, छायाचित्रकारही आहे आणि दोन्हीकडची वडीलधारी मंडळीही तोच आहे. इथे मी माझा सगळा नियम बाजूला ठेवतो: काढ, प्रत्येक गोष्टीचा फोटो काढ. सही करताना तिच्या हाताचा, त्याच्या सुरकुतलेल्या इस्त्रीच्या शर्टाचा, रसवंतीत बसून प्यायलेल्या उसाच्या रसाचा. उद्या हे दोघे आपल्या मुलांना दाखवतील असे दुसरे काही नसणार.

पण एकही फोटो कुठे टाकू नकोस. फोटोतली कार्यालयाची पाटी, मागची गाडी, हॉटेलचे नाव, फाइलमध्ये आपोआप नोंदवले जाणारे ठिकाण, यांतले काहीही शोधणाऱ्याला पुरते. जातीबाहेर लग्न केले म्हणून मुलामुलींचे जीव घेतल्याच्या घटना महाराष्ट्राला अनोळखी नाहीत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला शक्ती वाहिनी या संस्थेच्या खटल्यात अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी पोलिसांना सविस्तर सूचना द्याव्या लागल्या. अशा वेळी 'अखेर झालं!' म्हणून टाकलेला एक आनंदी फोटो मित्राच्या हातून घडलेला विश्वासघात ठरू शकतो.

साध्यासुध्या, वाजतगाजत झालेल्या लग्नातही हीच गोष्ट सौम्य रूपात असते. हळदीला मुली नाचतात. घरच्या अंगणात, आपल्या माणसांत, म्हणून मोकळेपणाने नाचतात. त्याचा व्हिडिओ पाहुण्यांपैकी कुणी गावाच्या ग्रुपवर टाकतो, दोन दिवसांत तो तीन गावांत फिरतो आणि त्यातल्या एखादीला घरी बोलणी बसतात. पुढच्या लग्नात ती कडेला बसून राहते. ज्याने व्हिडिओ टाकला त्याला यातले काहीच कळत नाही. मंडपातली जागा चार भिंतींची नसली तरी ती खासगी जागा असते. बोलावलेली माणसेच तिथे आलेली असतात.

कायदा यात मित्राला फारसे अडवत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोंवर, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्या यजमानांचा हक्क असतो. पाहुण्याने स्वतःहून काढलेल्या फोटोंचा मालक पाहुणाच. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा घरगुती किंवा खासगी कारणासाठी वापरलेल्या माहितीला लागू होत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला खरा, पण त्याचा आधार घेऊन कुणी आपल्या आतेभावाला कोर्टात खेचणार नाही. तेव्हा हे सगळे पाहुण्याच्या समजुतीवर येऊन ठेपते. नवरानवरी स्वतःचा पहिला फोटो सगळ्यांना दाखवत नाहीत तोवर आपण एकही दाखवू नये, हे मला किमान वाटते. आपले लग्न झाल्याची बातमी द्यायचा मान त्यांचा आहे. नवरी अजून गृहप्रवेशाचे माप ओलांडायची आहे आणि तिचा घामेजलेला, डोळे मिटलेला चेहरा तीनशे लोकांनी पाहून झाला आहे, हे बरे नाही.

मग काढलेल्या फोटोंचे करायचे काय? बहुतेकांचे उत्तर 'काहीच नाही' असे असते. ते फोनमध्ये पडून राहतात, फोन बदलला की जातात. महिनाभरात बसून त्यांतले चांगले निवडावेत, बाकीचे निर्दयपणे पुसून टाकावेत. चारशेंतले तीस राहिले तरी खूप. ते व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवले तर त्यांचा दर्जा उतरतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून किंवा पेन ड्राइव्हमध्ये द्यावेत. म्हाताऱ्या माणसांचे छापून द्यावेत, कारण त्यांच्या हातात कागद असला तरच ते पाहतात. आणि प्रत्येक फोटोला नावे द्यावीत. कोण, कुणाचे कोण, कुठल्या गावचे. जुन्या अल्बममधल्या निम्म्या चेहऱ्यांची नावे आज कुणालाच सांगता येत नाहीत, कारण मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने दोन शब्द लिहायचे राहून गेले. नवरानवरीला हे काम सुचणार नाही, ती त्यांच्या संसाराच्या गडबडीत असतात. छायाचित्रकाराला ती नावे ठाऊकच नसतात. एखादे नाव आपल्यालाही आठवले नाही तर मित्राच्या आईला फोन करावा. ती नाव सांगेल, नाते सांगेल, आणि त्या माणसाबद्दल पुढचा अर्धा तास बोलत राहील.